कॉलेजचा म्युझिक व्हिडिओ: शूट संपल्यावर एडिटपासून पोस्टरपर्यंत काय काय करायचं

शूट झालं, सगळे दमून घरी गेले आणि आता कुणाच्या तरी लॅपटॉपवर दोन फोन आणि एका कॅमेऱ्याचं फुटेज येऊन पडलंय. इथून पुढे काय करायचं ते या लेखात सांगतोय. मास मीडियाचं प्रोजेक्ट असो, कॉलेजच्या बँडचं पहिलं गाणं असो किंवा युथ फेस्टिव्हलच्या टीमने हौसेनं केलेलं काही असो, काम साधारण सारखंच असतं. मी असं धरून चाललोय की गाणं चारेक मिनिटांचं आहे, तुमचं तुम्ही केलेलं आहे, पैसे जवळपास नाहीत आणि एडिटला बसणारा एकच जण आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सॉफ्टवेअर उघडायच्या आधी गाण्याचा कागद करा. कट कुठे पडणार, रंग कुठे बदलणार, पोस्टरवर कुठला क्षण जाणार हे सगळं त्या कागदावरून ठरतं आणि तो नसला की प्रत्येक टप्प्यावर टीममधले पाच जण पाच मतं देत बसतात. पण त्याच्याही आधी फुटेज सांभाळायचं काम आहे, ते उरकून घेऊ.

फुटेज गोळा करणं

फुटेज व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून मागवू नका, तो दाबून लहान केला जातो आणि गेलेली क्वालिटी परत येत नाही. केबलने घ्या, पेन ड्राइव्हवर घ्या किंवा ड्राइव्हची लिंक मागवा. पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात जातच नाही, एक्सफॅट करून घ्या. सगळं दोन वेगवेगळ्या ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय कुणाच्याही फोनमधून काही डिलीट करायचं नाही. फोल्डर साधे ठेवा: गाणं, कॅमेरा १, फोन १, फोन २, फोटो, पोस्टर, एक्सपोर्ट. एकदा एडिट सुरू झालं की फाइलची नावं बदलायची नाहीत आणि फोल्डर हलवायचे नाहीत, नाहीतर टाइमलाइनवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या क्लिप लावायच्या पट्टीवर, सगळं लाल दिसायला लागतं.

आता फोनच्या फुटेजची एक खोड. बरेचसे फोन ठरलेल्या फ्रेम रेटने (सेकंदाला किती चित्रं, म्हणजेच एफपीएस) रेकॉर्ड करत नाहीत, उजेड कमी झाला की फ्रेम कमी, वाढला की जास्त, असं चालतं. नुसत्या बोलण्याच्या व्हिडिओत ते जाणवत नाही पण गाण्यात पहिल्या ओळीला ओठ जुळतात आणि कडव्याच्या शेवटाला सुटतात, आणि मग एडिटर बिचारा सिंक कुठे चुकलं ते शोधत रात्र काढतो. उपाय फुकट आहे: हँडब्रेक नावाचं सॉफ्टवेअर घ्या, फोनच्या क्लिप त्यात टाका, फ्रेम रेटला कॉन्स्टंट निवडा आणि नवीन फाइल करून त्याच वापरा. क्वालिटीचा आकडा चांगला ठेवा, फाइल मोठी झाली तरी चालेल.

फ्रेम रेट कुठला ठेवायचा? आपल्याकडे विजेची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ आहे, त्यामुळे ट्यूबलाइटखाली किंवा स्वस्तातल्या एलईडीखाली शूट करताना २५ एफपीएस आणि १/५० शटर ठेवलं तर फ्लिकर, म्हणजे उजेडाची लुकलुक, येत नाही. ३० एफपीएस आणि १/६० वर मागे पट्टे सरकताना दिसू शकतात. शूट आधीच झालं असेल तर जास्त फुटेज ज्या रेटला आहे तोच टाइमलाइनला ठेवा. एडिटला दाविंची रिझॉल्व्ह हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर फुटेज आत घ्यायच्या आधी टाइमलाइनचा फ्रेम रेट सेट करा, नंतर बदलता येत नाही.

सॉफ्टवेअरबद्दल जास्त डोकं लावू नका. रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती कॉलेजच्या कामाला पुरून उरते, अल्ट्रा एचडीपर्यंत एक्सपोर्ट देते, पण ८ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर ती दमते. तसा लॅपटॉप असेल तर केडेनलाइव्ह घ्या, तेही फुकट आहे. दोन्हीत प्रॉक्सी चालू करा, म्हणजे एडिट करताना हलक्या छोट्या फाइल वापरल्या जातात आणि एक्सपोर्टच्या वेळी मूळ फाइल. हे एकदा केलं की प्लेबॅक अडकत नाही, आणि कट नेमका कुठे पडतोय ते कळायला प्लेबॅक अडकता कामा नये.

गाण्याचा कागद

संगीत करणाऱ्या मित्राकडून गाण्याची फायनल फाइल मागून घ्या, वेव्हमध्ये, ४८ किलोहर्ट्झ. एमपी३ नको. आणि "फायनल" म्हणजे खरंच फायनल, कारण नंतर त्याने मधल्या म्युझिकमध्ये दोन आवर्तनं वाढवली तर तुमचा त्यापुढचा सगळा एडिट सरकतो. हे स्पष्ट बोलून घ्या.

मग हेडफोन लावा, कागद घ्या आणि गाणं ऐकत लिहा: सुरुवातीचं म्युझिक किती सेकंदांपर्यंत, धृपद कुठे सुरू, पहिलं कडवं, मधलं म्युझिक, दुसरं कडवं, शेवटचं धृपद. त्याच्या शेजारी ठेका लिहा. केरवा असेल तर ८ मात्रा, दादरा असेल तर ६. शंभरच्या लयीत, म्हणजे मिनिटाला १०० मात्रा धरल्या तर एक मात्रा ०.६ सेकंदाची, २५ एफपीएसला बरोब्बर १५ फ्रेम, आणि केरव्याचं एक आवर्तन १२० फ्रेमचं म्हणजे ४.८ सेकंदांचं. हा आकडा हाताशी असला की एक शॉट एक आवर्तन धरायचा की अर्धं ते आधीच ठरवता येतं. लय ९२ असेल तर मात्रा सोळा-सव्वासोळा फ्रेमची होते आणि हिशोब सरकत जातो, म्हणून तिथे आकडेमोड सोडा, गाणं चालू ठेवून प्रत्येक समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, मार्कर (खूण) टाका. रिझॉल्व्हमध्ये त्यासाठी एम दाबायचं.

ठेका लिहून झाला की परत ऐका आणि यावेळी गायकाचा श्वास कुठे पडतो तिथे टिंब द्या. गायिका ओळ संपवून श्वास घेते, ढोलकी एकदम थांबते, बासरी एकटी उरते, असे जे क्षण असतात तिथे वर्तुळ करा. चार मिनिटांच्या गाण्यात अशी पाच-सहा वर्तुळं झाली तरी भरपूर. माझ्या मते व्हिडिओ या वर्तुळांवर तरतो, बाकीचा वेळ आपण एका वर्तुळाकडून दुसऱ्याकडे जात असतो. आणि शेवटी कागदाच्या डोक्यावर एक ओळ लिहा, हे गाणं कुणाचं आणि कशाबद्दल. "गाव सोडून शहरात आलेला मुलगा आईला फोन करत नाही" इतकी साधी चालेल. पोस्टरच्या वेळी ती फार उपयोगी पडते.

सिंक

शूटच्या वेळी स्पीकरवर गाणं लावलं असेल तर प्रत्येक क्लिपमध्ये त्याचा आवाज आला असेल, तो कितीही खराब असला तरी म्यूट करून फेकू नका, सिंकसाठी तोच लागतो. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आवाजाच्या वेव्हफॉर्मवरून आपोआप सिंक करायची सोय असते. ती चुकली तर हाताने करा: ढोलकीची एखादी ठळक थाप पकडा आणि दोन्ही वेव्हफॉर्ममधला तो उंच काटा एकाखाली एक आणा.

सिंक तपासायला प, ब, भ, म शोधा. हे उच्चारताना ओठ मिटतातच, त्यामुळे "पाऊस" म्हणताना ओठ मिटलेली फ्रेम आणि आवाजातला प एकाच जागी आहे का ते लगेच दिसतं. २५ एफपीएसला एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते, एका फ्रेमचा फरक सहसा कळत नाही, दोन-तीन फ्रेमचा कळतो आणि खुपतो. क्लिपच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, तीन ठिकाणी तपासा.

स्लो मोशनमध्ये ओठ जुळवलेले शॉट असतील, म्हणजे ५० एफपीएसला शूट करून गाणं दुप्पट वेगानं वाजवलं असेल, तर क्लिप ५० टक्के वेगावर आणली की मूळ गाण्याशी जुळते. ज्यांनी हे शूटच्या वेळी केलं नाही त्यांनी गाताना दिसणारा शॉट स्लो करू नये, पाठमोरा किंवा लांबचा करावा.

कट

पहिल्यांदा फक्त गायनाचा कट करा. गोष्टीचे शॉट, गावाचे शॉट, हात, पाय, चहाचे ग्लास सगळं बाजूला. प्रत्येक ओळीला सगळ्या टेकमधला सगळ्यात खरा वाटणारा टेक ठेवा, कॅमेरा थोडा हलला असेल तरी चालेल, चेहरा खरा पाहिजे. अख्खं गाणं फक्त गाणाऱ्याच्या चेहऱ्यावर बघता येतंय असं झालं की खाली पाया तयार झाला. मग त्याच्यावरच्या ट्रॅकवर बाकीचे शॉट ठेवत जा. हे उलट केलं, म्हणजे आधी छान छान शॉट लावले आणि उरलेल्या भोकात गाणारा भरला, की व्हिडिओ टुरिझमच्या जाहिरातीसारखा होतो.

नवीन एडिटर दर समेवर कट मारतो. पहिली वीस सेकंद मजा येते, मग बघणाऱ्याच्या डोळ्याला सवय होते आणि कट दिसेनासे होतात. समेवरचे कट जपून ठेवा, धृपद परत येतं तिथे किंवा म्युझिक उसळतं तिथे. कडव्यात कट ओळीच्या अर्थावर करा, शब्दाच्या मध्ये कापू नका, श्वासाच्या टिंबावर कापा. मधल्या म्युझिकमध्ये वेग वाढवायला हरकत नाही. आणि वर्तुळं केलेल्या जागी, विशेषतः वाद्यं थांबतात तिथे, कापूच नका, शॉट चालू ठेवा. एवढा लांब शॉट कुणाला तरी कंटाळवाणा वाटणार आणि तो तुम्हाला सांगणार की इथे काहीतरी टाक, तेव्हा त्याला कागद दाखवा.

अजून एक बारकावा: थापेवर कट करायचा असेल तर थापेच्या एक-दोन फ्रेम आधी करून बघा. नवीन चित्र ओळखायला डोळ्याला थोडा वेळ लागतो, म्हणून नेमक्या थापेवरचा कट पुष्कळदा उशिरा आल्यासारखा वाटतो. प्रत्येक गाण्यात हे वेगळं असतं, करून बघूनच ठरवा. हालचाल जुळवता आली तर अजून चांगलं, म्हणजे एका शॉटमध्ये ढोलकीवाल्याचा हात वर जातोय आणि पुढच्या शॉटमध्ये ओढणी खाली येतेय, तर कट हालचालीच्या मध्ये टाका.

ट्रान्झिशन, ग्लिच, झूम हे सगळं जितकं कमी तितकं बरं. आणि ढोल-ताशावर पांढरे फ्लॅश टाकायचा मोह होतो, तिथे एका सेकंदात तीनपेक्षा जास्त झगमगाट ठेवू नका, काही लोकांना त्याने फिट येऊ शकते.

रफ कट झाला की एक दिवस मध्ये जाऊ द्या. मग एकदा आवाज बंद करून बघा, गोष्ट कळते का. नंतर डोळे मिटून गाणं ऐका आणि आठवा कुठला शॉट कुठे आहे, जिथलं काहीच आठवत नाही तिथे कट कच्चा आहे. टीमला दाखवताना "कसं वाटलं" विचारू नका, "कुठे लक्ष उडालं, मिनिट-सेकंद सांगा" असं विचारा.

रंग

आधी सगळे शॉट एकमेकांशी जुळवा, लूक नंतर. फोन १ निळसर, फोन २ पिवळट, कॅमेरा फिका, अशी परिस्थिती असते, त्यात वरून एखादा रेडिमेड लट (तयार कलर फिल्टर) टाकला तर तिन्ही वेगवेगळे बिघडतात. पांढरी वस्तू किंवा राखाडी भिंत धरून व्हाइट बॅलन्स सारखा करा, मग उजेड, मग चेहरे.

चेहऱ्यांसाठी रिझॉल्व्हच्या व्हेक्टरस्कोपमध्ये, म्हणजे रंग दाखवणाऱ्या गोल आलेखात, स्किन टोनची रेघ असते, ती चालू करा. माणूस उजळ असो की सावळा, त्वचेचा रंग त्या रेघेच्या आसपासच पडतो, फरक असतो तो उजेडाचा. म्हणजे सावळ्या गायिकेचा चेहरा नीट दिसत नसेल तर तिच्यावरचा उजेड थोडा उचला, पण तिला गोरी करू नका. माझ्यासाठी ही कलरमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे. आपल्या पोरांचे चेहरे आहेत, ते तसेच सुंदर दिसले पाहिजेत, आणि फोन आपलं आपण स्किन स्मूथ करत असेल तर पुढच्या शूटला ते सेटिंग बंद करा.

लूक ठरवताना कागदाकडे परत या. धृपदाला एक रंग, आठवणीच्या कडव्याला दुसरा, एवढे दोन पुरेत. त्यातला मुख्य रंग लिहून ठेवा, पोस्टरवर तोच जाणार आहे.

मराठी अक्षरं

गाण्याचं नाव व्हिडिओवर टाकताना पहिलं काम म्हणजे त्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं नीट येतात का ते बघणं. "वाऱ्यावर", "आर्द्र", "कृष्ण", "मिठ्ठास", "दुसऱ्या" असं काहीतरी टाइप करा. वेलांटी चुकीच्या बाजूला गेली किंवा पाय मोडलेलं अक्षर दिसलं तर तिथे भांडत बसू नका, इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टायटल करा, ट्रान्स्परंट पीएनजी काढा आणि टाइमलाइनवर ठेवा. फोटोशॉपमध्ये असं होत असेल तर टाइप सेटिंगमध्ये वर्ल्ड रेडी लेआउट निवडा.

फॉन्ट फुकट आणि उत्तम मिळतात. 'एक टाइप' या संस्थेचे मुक्ता, बालू आणि मोदक गूगल फॉन्ट्सवर आहेत, मोदक फक्त मोठ्या टायटललाच, कारण तो इतका गुबगुबीत आहे की लहान आकारात वाचता येत नाही. गंभीर गाण्याला तिरो देवनागरी मराठी बघा, त्यात पाकळीचा ल आणि देठाचा श आपल्या मराठी वळणाचे येतात. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेघ तुटते. ओळींमधलं अंतर मात्र इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा कारण वर रफार-वेलांट्या आणि खाली उकार असतात, अक्षराच्या आकाराच्या दीडपट धरून चाला. अक्षरांना आउटलाइन दिली आणि शिरोरेघेवर जोडाच्या जागी उभ्या रेषा दिसल्या तर आधी टेक्स्टचं पाथ (अक्षरांचे नुसते आकार) करून सगळे आकार युनियनने एकत्र करा, मग आउटलाइन द्या.

एक्सपोर्ट आणि अपलोड

एच.२६४, एमपी४, टाइमलाइनचाच फ्रेम रेट. १०८०ला यूट्यूब ८ एमबीपीएस बिटरेट (सेकंदाला किती डेटा) सुचवतं, तुम्ही १६-२० द्या, मूळ फाइल जितकी स्वच्छ तितकं यूट्यूबने दाबल्यावरही बरं दिसतं. इंटरनेट बरं असेल तर १०८०चं काम फोरकेमध्ये एक्सपोर्ट करून टाका, यूट्यूब मोठ्या रिझोल्यूशनला जास्त बिटरेट देतं आणि पाऊस, पानं, धूर असे शॉट कमी फाटतात. आवाजाला एडिटमध्ये हात लावू नका. यूट्यूब साधारण -१४ लफ्सपेक्षा (लफ्स म्हणजे आवाज किती मोठा ते मोजायचं एकक) मोठं गाणं आपणहून खाली आणतं, त्यामुळे मास्टर कर्कश करून काही मिळत नाही.

आधी अनलिस्टेड, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसेल असं, अपलोड करा, कॉपीराइटचा चेक होऊ द्या, मग पब्लिक. अभंग घेतला असेल तर एक लक्षात घ्या: तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण आपण जी चाल लहानपणापासून ऐकत आलोय ती कुणा संगीतकाराची असते आणि तिच्यावर हक्क असू शकतो. शब्द घ्या, चाल स्वतःची लावा. भारतात गीत-संगीताचा हक्क साधारणपणे कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, तेव्हा "जुनं गाणं आहे, चालतंय" हे गृहीत धरू नका.

पोस्टर, थंबनेल, कव्हर

आता कागदाच्या डोक्यावरची ती ओळ आणि वर्तुळं बाहेर काढा. पोस्टरवर एका वर्तुळातला एकच क्षण जाईल. अख्खा बँड, ढोलकी, डोंगर, बस आणि गायिका सगळं एकत्र चिकटवलेलं पोस्टर निवडणुकीच्या बॅनरसारखं दिसतं. वरच्या उदाहरणातला मुलगा असेल तर फोन हातात धरलेला, स्क्रीन बंद, नजर खाली, बास. त्याला गाण्याचा मुख्य रंग, टायटलचा तोच फॉन्ट.

फोटो वेगळे काढलेले असतील तर उत्तम. नसतील तर व्हिडिओतली फ्रेम वापरावी लागते आणि तिथे आकड्यांचा प्रश्न येतो. ए३ म्हणजे २९७ बाय ४२० मिलिमीटर, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल. १०८०ची फ्रेम १९२० पिक्सेल रुंद असते, ती ३०० डीपीआयला जेमतेम १६ सेंटिमीटर भरते. फोरकेची फ्रेम ए३च्या रुंदीभर बसते, उभ्या पोस्टरवर वर-खाली रंगाची मोकळी जागा सोडा आणि नाव तिथे घाला. ताणून मोठी करण्यापेक्षा हे कधीही चांगलं. फ्रेम निवडताना हालचाल थांबलेली निवडा, १/५० शटरला हलता हात पुसट येतो. आणि वेळ असेल तर तेच कपडे घालून, तोच उजेड बघून अर्ध्या तासात फोटो काढून या.

थंबनेल १२८० बाय ७२०. पोस्टर लहान करून तिथे टाकू नका, नव्याने रचा: चेहरा मोठा, दोन-तीन शब्द, उजवा खालचा कोपरा रिकामा कारण तिथे यूट्यूब वेळ दाखवतं. फोनवर अंगठ्याएवढं करून बघा, नाव वाचता आलं पाहिजे. स्ट्रीमिंगच्या कव्हरला ३००० बाय ३००० चौकोन. रील आणि स्टोरी १०८० बाय १९२०, आडवं फुटेज उभं कापताना प्रत्येक शॉटला चेहरा मध्ये आणावा लागतो, आपोआप क्रॉपवर सोडू नका. रीलसाठी धृपदाची पहिली ओळ सगळेच घेतात, मी म्हणेन कडव्यातली मनाला लागणारी ओळ घ्या आणि धृपद यायच्या आधीच्या श्वासावर थांबा.

छपाईला देताना चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना निघून जाणारी जास्तीची कड), नावं कडेपासून आत. स्क्रीनवरचा झगझगीत झेंडूचा केशरी आणि निऑन निळा सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, मळकट होतो, आधीच रूपांतर करून बघा आणि एक प्रत काढून पाहिल्याशिवाय सगळ्या काढू नका. डीटीपीवाल्या दादांकडे पुष्कळदा जुन्या फॉन्टची सिस्टीम असते, तुमचा युनिकोड मजकूर तिथे उघडला की अक्षरं फुटतात, म्हणून टेक्स्टचं पाथ करून पीडीएफ द्या. आणि "थोडं नाव बदलून देतो" म्हणाले तर नको म्हणा, फाइल तुम्हीच बदलून आणा. फ्लेक्स लांबून बघितला जातो, त्याला पूर्ण आकारात १०० डीपीआय पुरतं. शुद्धलेखन दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्या, शक्यतो मराठीच्या मॅडमकडून.

श्रेयनामावली व्हिडिओ, पोस्टर आणि डिस्क्रिप्शन तिन्हीकडे सारखी हवी. गीत, संगीत, स्वर, ढोलकी कुणाची, कॅमेरा, एडिट, जेवण कुणी दिलं, घर कुणी वापरू दिलं. नावं कशी लिहायची ते त्यांना विचारा. डिस्क्रिप्शनमध्ये गाण्याचे पूर्ण शब्द टाका आणि मराठी सबटायटलची फाइल जोडा, ऐकू कमी येणाऱ्यांना आणि घरापासून लांब वाढलेल्या मराठी मुलांना त्याचा उपयोग होतो.

कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवणार असाल तर यूट्यूबवरून चालवू नका, फाइल दोन पेन ड्राइव्हवर न्या आणि आदल्या दिवशी तिथेच लावून बघा. प्रोजेक्टरवर अंधारे शॉट अजून काळे होतात, गरज पडली तर उजेड थोडा वाढवलेली वेगळी प्रत काढा. काही हॉलमध्ये स्टीरिओचा एकच चॅनेल वाजतो, तसं असेल तर मोनो केलेली फाइलही सोबत ठेवा.